सत्तावीस इंची पडद्यावर मराठी अक्षरे धूसर दिसतात

प्रश्न :
मी घरून मुद्रितशोधनाचे काम करतो. डोळ्यांवरचा ताण कमी व्हावा म्हणून नुकताच २५६० × १४४० पिक्सेलचा २७ इंची मॉनिटर घेतला आणि जुन्या डेस्कटॉपला एचडीएमआय केबलने जोडला. अक्षरे मोठी दिसतात, पण त्यांच्या कडा धूसर आहेत. ‘सर्वांत’मधला रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात, त्यामुळे शब्द ‘सर्वात’ आहे की ‘सर्वांत’ हेच कळत नाही, आणि माझे काम तर नेमके तेच आहे. विंडोजमध्ये १९२० × १०८० च्या वरचा पर्यायच येत नाही. मॉनिटर सदोष असेल का?

उत्तर १ :
मॉनिटरमध्ये दोष असेल असे वाटत नाही. एलसीडी पॅनेलवरील पिक्सेलांची संख्या कारखान्यातच कायमची ठरते. आपला संगणक एका ओळीत १९२० पिक्सेल पाठवतो आणि पडद्यावर जागा २५६० आहेत; म्हणजे दर तीन पिक्सेलांचा मजकूर चारांवर पसरवावा लागतो आणि तो समान वाटला जात नसल्याने मॉनिटर शेजारच्या पिक्सेलांचे रंग मिसळून मधली छटा भरतो. छायाचित्रात हे खपून जाते. लहान टंकातला अनुस्वार मात्र जेमतेम दोन-तीन पिक्सेलांचा असतो. त्याच्या कडा पसरल्या की तो रफाराला चिकटणारच.

उत्तर २ :
वरील कारण बरोबर आहे; आता उपायाकडे वळू. सेकंदाला ६० वेळा २५६० × १४४० चे चित्र पाठवायचे तर सुमारे २४ कोटी पिक्सेलांची वाहतूक लागते, आणि अनेक जुन्या संगणकांचे एचडीएमआय पोर्ट साडेसोळा कोटींवरच थांबते. म्हणून वरचा पर्याय दिसत नाही. नवे ग्राफिक्स कार्ड घेण्याची घाई करू नका. आधी संगणकाची मागची बाजू पाहा : एक कोपरा तिरपा छाटलेले आयताकृती पोर्ट असेल, तर ते डिस्प्लेपोर्ट आहे आणि आपले काम त्यावर भागेल. केबल मात्र दोन्ही टोकांना डिस्प्लेपोर्ट असलेलीच घ्या.

प्रश्नकर्ता :
तसे पोर्ट निघाले. केबल बदलताच विंडोजने २५६० × १४४० स्वतःहून निवडले आणि अनुस्वार सुटा दिसू लागला. मनापासून आभार! आता अक्षरे बारीक वाटतात म्हणून स्केल १२५ टक्के केले, तर पानमांडणीचे जुने सॉफ्टवेअर तेवढे पुन्हा धूसर झाले.

उत्तर २ :
ते सॉफ्टवेअर स्केलिंग ओळखत नाही, त्यामुळे विंडोज त्याची तयार खिडकीच चित्रासारखी ताणते. स्केल पुन्हा १०० टक्क्यांवर आणा आणि सॉफ्टवेअरमध्येच पान मोठे करून पाहा. या पॅनेलवर इंचाला सुमारे १०९ पिक्सेल बसतात, तेव्हा १५० टक्के झूमवर रफार, अनुस्वार आणि उकार नीट तपासता येतील.