मिस ऑलिंपियाचा इतिहास: सुरुवात कुठून करू?

पायवाट (धागाकर्ती)
वजनं उचलायला लागून दोन वर्षं झाली. परवा शरीरसौष्ठवपटू लेंडा मरेचा पाठमोरा फोटो बघितला आणि नजर हटेना. महिलांच्या व्यावसायिक शरीरसौष्ठवाचा इतिहास नीट समजून घ्यायचाय, पण मिस ऑलिंपिया या त्यातल्या मुख्य स्पर्धेची १९८० पासूनची सगळी वर्षं बघणं जमणार नाही. आधी काय बघू? जाणकारांनी सुचवावं.

उंबरठा
ओळीने बघूच नका. मी तर म्हणेन, मुठींकडे लक्ष ठेवा. सत्तरच्या दशकातल्या स्पर्धांत बायका बऱ्याचदा उंच टाचांचे बूट घालून मंचावर यायच्या. मूठ आवळायची नाही, डबल बायसेप्स (दोन्ही दंड फुगवून दाखवणं) नाही, लॅट स्प्रेड (पाठ रुंद करून दाखवणं) नाही. स्पर्धा शरीरसौष्ठवाची, आणि स्नायू मात्र दाखवायचे नाहीत! हे डोक्यात ठेवून १९८० ची फिलाडेल्फियातली पहिली मिस ऑलिंपिया बघा. ती रेचल मॅक्लिशने जिंकली.

मग 'पम्पिंग आयर्न २' हा माहितीपट. १९८३ चा लास व्हेगासचा सीझर्स करंडक त्यात आहे. ऑस्ट्रेलियाची पॉवरलिफ्टर बेव्ह फ्रान्सिस तिथे उतरली. स्नायूंच्या बाबतीत बाकीच्या तिच्या जवळपासही नव्हत्या, आणि तिला मिळाला आठवा क्रमांक. बाईचं शरीर कसं असावं यावर तिथे जी चर्चा चालते, ती ऐकताना माझ्या पोटात अजूनही कालवतं.

त्यानंतर थेट १९९१ ची मिस ऑलिंपिया, लॉस एंजेलिस. आदल्या वर्षी बेव्ह दुसरी आली होती. या वेळी तिने हातचं काही राखलं नाही, पूर्ण ताकदीचं शरीर घेऊन आली आणि लेंडा मरेकडून एका गुणाने हरली. फक्त एका! लेंडाचं श्रेय मी कमी करत नाही. खांद्यांपासून कमरेपर्यंत निमुळती होत जाणारी तशी पाठ मी दुसऱ्या कुणाची बघितलेली नाही. पण पुढच्याच वर्षी, १९९२ ला, शरीरं फार मोठी नसावीत अशा सूचना परीक्षकांना दिल्या गेल्या. म्हणून म्हणते, एकच वर्ष बघायचं असेल तर १९९१.

शेवगा
+१. पण कार्ला डनलॅपला वगळू नका. तो सीझर्स करंडक तिचाच, आणि १९८३ ची मिस ऑलिंपियाही. हा किताब जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री. सिंक्रोनाइज्ड स्विमिंग केलेली बाई आहे, पोझिंगमध्ये ते दिसतं. १९८४ ते १९८९ सलग सहा वर्षं कोरी एव्हरसन. त्यातलं एखादं वर्ष बघितलं तरी पुरे.

पायवाट
खूप आभार! वाचनखूण साठवली. मध्ये काही वर्षं स्पर्धाच नव्हती ना?

उंबरठा
हो. २०१४ नंतर थेट २०२०. त्याआधी बरंच घडलं. २००० मध्ये दोन वजनगट आले, २००५ मध्ये गेले. डिसेंबर २००४ मध्ये आयएफबीबीने (शरीरसौष्ठवाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने) पत्रक काढलं, की महिला खेळाडूंनी स्नायू २० टक्क्यांनी कमी करावेत. वर्षानुवर्षं घाम गाळून कमावलेला स्नायू टक्क्यांत मोजून उतरवायचा! पुरुषांना असं कुणी सांगितलं नाही. तरीही आयरिस काइल २००६ ते २०१४ सलग जिंकली; २००४ धरून दहा किताब. पुरुषांच्या मिस्टर ऑलिंपियात ली हॅनी आणि रॉनी कोलमन दोघेही आठवर थांबले. २०१३ मध्ये ऑलिंपियात थोड्या हलक्या स्नायूंचा फिजिक गट सुरू झाला, आणि २०१५ पासून मुख्य स्पर्धाच बंद. २०२० ला ती ऑरलँडोत परतली, अँड्रिया शॉ जिंकली. तीही जरूर बघा.

शेवगा
बघताना आवाज बंद ठेवा. निवेदक काय म्हणतो ते कानावर पडलं की आपले डोळे त्याच्या मागे जातात.

पायवाट
१९९१ बघितली, आवाज बंद करून. दोघी शेजारी उभ्या असताना वहीत माझे गुण लिहिले. पहिल्यांदा लेंडाला, पाठीसाठी. मग पुन्हा लावली, फक्त बेव्हकडे बघत राहिले आणि आकडे खोडले. आता तिसऱ्यांदा बघतेय.