त्रिफळा, आवळा आणि डीएनएचं रक्षण: चाचणीतून नक्की काय कळतं?

खलबत्ता:
आयुर्वेदातली 'रसायन' (शरीराला बळ देणारी) औषधं जनुकांतली उत्परिवर्तनं, म्हणजे डीएनएतले बदल, रोखतात असं म्हटलं की 'पुरावा दाखवा' ठरलेलंच. घ्या पुरावा. त्रिफळा चूर्णाच्या अर्काने एम्स चाचणीत उत्परिवर्तनं कमी केल्याचं छापून आलंय. आता तरी 'आजीबाईचा बटवा' म्हणून हसणं थांबवाल?

पेट्रीबशी:
हसत नाही, पण ती चाचणी काय मोजते ते बघू. ब्रूस एम्स यांनी १९७० च्या दशकात ती बसवली. साल्मोनेलाचे हे जिवाणू हिस्टिडीन स्वतः बनवू शकत नाहीत, त्यामुळे हिस्टिडीन नसलेल्या बशीत वाढत नाहीत. डीएनएत उलट बदल होऊन ती क्षमता परत आली तरच वसाहत, म्हणजे जिवाणूंचा डोळ्यांना दिसणारा ठिपका, दिसते. उत्परिवर्तक (उत्परिवर्तन घडवणारा पदार्थ) घातला की वसाहती वाढतात. सोबत अर्क घातल्यावर घटल्या तर अर्क संरक्षक! पण मेलेला जिवाणूही वसाहत करत नाही. त्रिफळ्यातल्या हिरड्या-बेहड्यात टॅनिन हा तुरट पदार्थ भरपूर, ते जिवाणूंच्या जिवावर उठतं. किती जगले हे वेगळं मोजलं नसेल तर तो आकडा फसवा.

खलबत्ता:
नीट काम करणारे ते मोजतातच. आणि गोष्ट बशीत थांबत नाही. उंदरांना सायक्लोफॉस्फामाइड (डीएनएला इजा करणारं कर्करोगावरचं औषध) देऊन अस्थिमज्जेतल्या पेशींत सूक्ष्मकेंद्रकं, म्हणजे डीएनएला इजा झाल्यावर मुख्य केंद्रकाबाहेर राहिलेले तुकडे, मोजतात. आवळ्यावर असं काम झालंय.

अर्धाचमचा:
उंदीर ठीक. माणसांचं काय झालं ते ऐका. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. बीटा-कॅरोटीन (गाजरासारख्या वनस्पतींत असणारं रंगद्रव्य) फुप्फुसाच्या कर्करोगापासून वाचवेल अशी आशा होती. १९९४ मध्ये निकाल आला: ते घेणाऱ्यांत हा कर्करोग सुमारे १८ टक्के जास्तच. 'वनस्पतीतलं म्हणजे निर्धोक' म्हणणाऱ्यांसाठी ॲरिस्टोलोकिक आम्लही आहेच. वनस्पतीतूनच येतं आणि स्वतःच उत्परिवर्तन घडवतं.

खलबत्ता:
बीटा-कॅरोटीन हा सुटा काढलेला एक घटक. आपल्याकडे अख्खं फळ, तेही तिघांचं मिश्रण. तुलनाच चूक.

पेट्रीबशी:
मग तुमचाच मुद्दा तुम्हाला लागू करतो. त्रिफळ्याच्या त्या कामात उत्परिवर्तनं रोखली ती क्लोरोफॉर्म आणि ॲसिटोनने काढलेल्या अर्कांनी. चूर्ण ॲसिटोनमधून घेणारा कुणी पाहिलात?

खलबत्ता:
😄 बरं. मग जसं घेतात तसंच तपासा. घेणाऱ्यांच्या रक्तपेशींतली सूक्ष्मकेंद्रकं मोजा, घेण्याआधी आणि नंतर. याला तर हरकत नाही?

पेट्रीबशी:
अजिबात नाही. फक्त न घेणाऱ्यांचा गटही ठेवा, आणि निकाल उलटा लागला तरी छापा.