एचएसआरपी: लिंक मेली तरी दुसरा राउटर ताबा घेत नाही

प्रश्न: दोन सिस्को राउटर (आर१, आर२), दोन आयएसपी (इंटरनेट पुरवठादार). एचएसआरपी लावलंय, म्हणजे एक राउटर पडला की दुसरा त्याची जागा घेतो. आर१ची प्रायॉरिटी ११०, आर२ची डीफॉल्ट १०० (जास्त आकडा तो मुख्य). आर१ बंद केला की १० सेकंदांत आर२ उभा राहतो. पण आयएसपीची फायबर पुढे तुटली तर ट्रॅफिक आर१वरच अडकतो. आर१चा वॅन इंटरफेस (आयएसपीकडचं पोर्ट) ट्रॅक केलाय, म्हणजे तो डाउन झाला की आर१ची प्रायॉरिटी घटते.

उत्तर १: तुटलंय मीडिया कन्व्हर्टरच्या (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा डबा) पलीकडे, म्हणून इंटरफेस अपच राहणार. आयपी एसएलए (राउटरनेच पिंग करून लिंक तपासायची सोय) लावा नि तेच ट्रॅक करा. आयएसपीच्या गेटवेला नको, त्यापुढच्या पत्त्याला दर ५ सेकंदांनी पिंग. त्या पत्त्याचा स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेला मार्ग) आर१च्याच वॅनवरून बांधा, नाहीतर पिंग आर२कडून फिरून यशस्वी होईल नि सगळं आलबेल दिसेल. डिक्रिमेंट (ट्रॅक फेल झालं की प्रायॉरिटी जितकी घटते तो आकडा) डीफॉल्ट १० असतो, म्हणजे ११०चे १००, नुसती बरोबरी. २० द्या.

उत्तर २: आर२वर प्रीएम्प्ट (आपली प्रायॉरिटी जास्त झाली की ताबा हिसकावून घेणं) आहे ना? एचएसआरपीत ते आपोआप चालू नसतं (व्हीआरआरपी या तशाच दुसऱ्या प्रोटोकॉलमध्ये असतं). आर१चे हॅलो (जिवंत असल्याचे संदेश) येताहेत तोवर आर२ ढिम्म. आर१लाही प्रीएम्प्ट हवं, पण डिलेसकट. बीजीपी (आयएसपीकडून रूट शिकायचा प्रोटोकॉल) असेल तर रूट यायच्या आधीच आर१ ताबा घेतो आणि पॅकेट गायब.

प्रश्नकर्ता: आर२वर प्रीएम्प्ट नव्हतंच! लावलं, चाललं. पण व्हीपीएन तुटतं.

उत्तर १: तुटणारच. नॅटचा (आतले पत्ते पब्लिक पत्त्यात बदलणारी सोय) पब्लिक पत्ता बदलला ना.