सरकारी विमानाचा पैसा बेळगावच्या सांबरा विमानतळापर्यंत पोचला काय? अनुभव लिहा

सीमाभागातल्या मंडळींनो, १९५३ साली एअर इंडियाचं राष्ट्रीयीकरण झालं आणि जानेवारी २०२२ मध्ये ती परत टाटांकडं गेली. मधे २०१२ च्या एकाच योजनेत सरकारनं तिच्यात सुमारे ३० हजार कोटी घालायचं मंजूर केलं. देशाची स्वतःची विमान कंपनी असली की पर्यटन वाढतं, असं तेव्हा सांगितलं जायचं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडं त्यातलं काय दिसलं? मतं नकोत, घडलेलं सांगा. (माझं मत विचाराल तर सगळं डोक्यावरून उडून गेलं. पण ते असू दे.)

खानापूरचे काका, टपाल खात्यातून निवृत्त:
डोक्यावरून गेलं म्हणता, पण त्यात आम्ही बसलो होतो की! एलटीसीवर, म्हणजे सरकारी नोकरांच्या प्रवास सवलतीवर, विमानानं जायचं तर एअर इंडियाच, असा तेव्हा केंद्राचा नियम होता. आमच्या श्रेणीला एरवी विमान नव्हतं, पण अंदमानसाठी चेन्नई किंवा कोलकात्याहून सवलत निघाली. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रीत बंगळूर, पुढं रेल्वेनंच चेन्नई, आणि मग पोर्ट ब्लेअर. विमानात बरेचसे आमच्यासारखेच. पिशवीत शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी. आणि बोर्डिंग पास पाकिटात जपून, कारण तो हरवला तर बिल अडतं. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढं उभे राहिलो तर मागं सांगली-सोलापूरची मराठी ऐकू आली. माझ्या पगारात हे एरवी जमलं नसतं. आता हॉटेल, बोट, जेवण सगळ्याचा पैसा अंदमानात गेला, हे खरं. त्या बदल्यात बेळगावात कोण आलं, ते मला सांगता येणार नाही.

सांबरा रोडचा टॅक्सीवाला:
काका, कोण येतं ते मी सांगतो. आमचं विमानतळ १९४२ चं, इंग्रजांच्या हवाई दलानं केलेलं, पण पॅसेंजर खरे वाढले ते केंद्राच्या उडान योजनेमुळं. २०१९ ला तिसऱ्या फेरीत बेळगावचं नाव लागलं आणि छोटी विमानं सुरू झाली. यात सरकार कंपनी विकत घेत नाही. कमी तिकिटातली तूट तीन वर्षं भरून देतं, नंतर तुमचं तुम्ही बघा. उतरतात कोण? सुट्टीवरचे जवान, फौंड्रीचे साहेब, दवाखान्यात आलेले नातेवाईक. कॅमेरा गळ्यात घातलेला माणूस क्वचित. पावसाळ्यात गोकाकचा धबधबा बघायला म्हणून एखादी फॅमिली मिळते, तीही बहुतेक इथलेच पाव्हणे. उलट तिरुपतीचं विमान चालू झालं तेव्हा इथूनच माणसं भरभरून गेली. म्हणजे पर्यटन वाढलं, पण बालाजीचं! मुदत संपल्यावर काही मार्ग बंद पडले. एका कंपनीनं तर आदल्या दिवशी मेसेज टाकला, तेव्हा ठरलेली तीन भाडी गेली. सौंदत्तीच्या यल्लम्माला येणाऱ्यांना विमान लागतच नाही, ते ट्रॅक्टरनं, एसटीनं येतात आणि पौर्णिमेला रस्ता पुरत नाही.

निपाणीची सूनबाई:
आम्ही उजळाईवाडीला, कोल्हापूरच्या विमानतळावर जातो, ते जवळ पडतं. सांबरा कुणाच्या डोक्यातच येत नाही.

जांबोटीकर, घरगुती राहण्याची सोय करणारा:
माझे पाव्हणे विमानानं येतात, पण सांबऱ्याला नाही. गोव्यातल्या मोपा विमानतळावर २०२३ पासून विमानं उतरायला लागली. दोन दिवस किनारा, मग चोर्ला घाटानं वर, एक रात्र आमच्याकडं. गोव्याचं उरलंसुरलं आम्हाला. मला विचाराल तर तिकिटाला अनुदान देण्यापेक्षा घाटाचा रस्ता वेळेत दुरुस्त करा. आणि सांबऱ्याला उतरलेल्या माणसाला जांबोटीकडं काय आहे हे सांगणारा एक फलक तरी लावा, मराठीत, कन्नडमध्ये, कुठल्याही भाषेत.

टॅक्सीवाला:
फलक लावून गिऱ्हाईक थांबत नाही ओ. सायंकाळच्या विमानानं उतरलेल्याला जांबोटीला सोडायचं तर मला रिकामं परत यावं लागतं, मग भाडं दुप्पट सांगतो आणि तो बेळगावातच लॉज घेतो.

जांबोटीकर:
मग परतीचं भाडं मी बघून देतो. सकाळी बेळगावला जाणारे असतात माझ्याकडं. नंबर इथं नको, जांबोटीच्या स्टँडवर या.

खानापूरचे काका:
वज्रपोहा धबधब्याची वाट पावसात वनखातं उघडी ठेवतं काय हो? नातू येतोय पुण्याहून. बसनंच.