कॅसल रॉक : जंगलात एवढं मोठं स्टेशन कशासाठी?

मीनल_कोथरूड

गेल्या आठवड्यात गोवा एक्स्प्रेसने पहिल्यांदा दिवसाउजेडी घाट पाहिला. तिनईघाट मागे पडलं, दोन्ही बाजूंना नुसती झाडी, आणि मग एकदम कॅसल रॉक आलं. गाव म्हणावं तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरं दिसतात, पण यार्ड मात्र ऐसपैस, बरेच रूळ, जुन्या दगडी इमारती. गाडी तिथे बराच वेळ उभी होती. उतरणारे-चढणारे फारच थोडे.

माझ्या आजीचं माहेर मडगाव. स्वातंत्र्याच्या आधी ती पुण्याला सासरी यायची ती याच मार्गाने. वाटेत दोनदा सामान उघडून दाखवावं लागायचं एवढंच आईला तिच्याकडून ऐकलेलं आठवतं. दोनदा का? कुठे कुठे? आणि पुढे काही वर्षं ही गाडी बंदच होती म्हणतात, ते कशामुळे? इंटरनेटवर शोधलं तर सगळीकडे जवळच्या दूधसागर धबधब्याचे फोटो. स्टेशनाबद्दल कोणाला नीट माहिती असेल तर कृपया लिहा.

सह्यकडा

आम्ही कॉलेजात असताना कॅसल रॉकला उतरून रुळांवरून चालत दूधसागर गाठायचो. स्टेशन ब्रिटिशांनी बांधलंय आणि गोव्याची हद्द तिथून जवळ आहे, इतकंच माहीत आहे. पावसाळ्यात जा, स्वर्ग आहे.

लोंढ्याचा_गार्ड

मीनलताई, प्रश्न चांगला विचारलात. मी रेल्वेत गार्ड होतो, लोंढा-वास्को सेक्शनवर नोकरीचा मोठा काळ गेला. मीटरगेजही पाहिली, ब्रॉडगेजही. आमचे आजोबा कॅसल रॉकलाच पॉइंट्समन, म्हणजे गाडीसाठी रुळांचे सांधे बदलणारे, होते, त्यामुळं काही गोष्टी घरातूनच कानावर आल्या. सविस्तर लिहितो.

एवढं मोठं स्टेशन दोन कारणांसाठी झालं : सरहद्द आणि उतार.

आधी सरहद्द. १८७८च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. गोव्यातलं मीठ स्वस्त, आणि इंग्रजांचा मिठावर कर. बैलांचे तांडे घाटावर मीठ चढवायचे, त्यानं इंग्रजांचा महसूल बुडायचा. तहानं गोव्यातल्या मिठाच्या उत्पादनाचा ताबा इंग्रजांनी घेतला, दारूच्या अबकारीचे नियम आपल्यासारखे करून घेतले, आणि बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये कबूल केले. त्याच तहात मुरगाव बंदर आणि तिथून घाटावर येणारी रेल्वे ठरली. बांधायला लंडनची कंपनी, वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे. भांडवलावरच्या व्याजाची हमी पोर्तुगालची. मुरगावपासून कॅसल रॉकपर्यंत सुमारे ८२ किलोमीटर मीटरगेज. १८८७ मध्ये खालचा तुकडा सुरू झाला, १८८८ मध्ये रूळ घाट चढून वर आले आणि पलीकडून आलेल्या सदर्न मराठा रेल्वेला मिळाले. म्हणजे कॅसल रॉक हे दोन कंपन्यांचं आणि दोन राज्यांचं मिळण्याचं ठिकाण. वस्ती होती म्हणून स्टेशन झालं असं इथं नाही. स्टेशन आलं, मग त्याच्यामागं वस्ती.

आता तुमच्या आजींच्या सामानाचं. तहामुळं गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यात जकात राहिलीच नव्हती, त्यामुळं पहिली दोन-चार वर्षं गाड्या मोकळ्या गेल्या असणार. पण १८८०च्या जानेवारीत अमलात आलेला हा तह बारा वर्षांचा होता. १८९२च्या जानेवारीत तो संपला, पुढं वाढवला नाही. लगेच जकातीची भिंत पुन्हा उभी राहिली. घाटाच्या वरच्या टोकाला कॅसल रॉकवर इंग्रजांचं कस्टम, खालच्या टोकाला कुळेला पोर्तुगीजांचं. आजी मडगावहून निघाल्या की आधी कुळेला तपासणी, मग घाट चढून आल्यावर कॅसल रॉकला. दोनदा का, याचं उत्तर हेच.

आजोबा सांगायचे, गाडी आली की फलाटावर ट्रंकांची रांग लागायची. गोव्याकडून येणाऱ्यांकडं नारळ, काजू, सुकी मासळी, सणासुदीला फणसाची साटं. कस्टमवाल्यांची नजर बाटल्यांवर आणि परदेशी मालावर. बायकांच्या डब्याशी एक बाई तपासनीस असायची आणि तिला सगळे जण नावानं ओळखायचे. लेकुरवाळ्या बाईची ट्रंक ती वरवर बघून झाकण लावायची, हे आजोबा फार आवडीनं सांगत. मुंबईत बोटीवर, घरकामाला, बँडमध्ये वाजवायला जाणारे किती गोयंकार या फलाटावरून गेले असतील! गोव्यातून मुंबईला जायचे रस्ते मुख्यतः दोनच, एक बोटीचा आणि एक हा. ज्या स्टेशनावरून गोव्याच्या कित्येक पिढ्या पोटापाण्याला बाहेर पडल्या, त्याची ओळख आज धबधब्याच्या वाटेवरचा थांबा इतकीच उरावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उताराचं नंतर लिहितो, नातवाला शाळेतून आणायची वेळ झाली.

शिरोडकर_फोंडा

गार्डकाका, छान लिहिताय. कुळ्याची एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. १८ जून १९४६ला डॉ. लोहियांनी मडगावात सभा घेतली, तेव्हा त्यांना पकडून हद्दीबाहेर सोडलं होतं. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला ते पुन्हा आले, आणि कुळे स्टेशनवरच पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना अटक केली. आग्वादच्या किल्ल्यात ठेवलं आणि काही दिवसांनी परत हद्दपार केलं. म्हणजे ते याच घाटातून उतरून आले. कुळेला उतरणाऱ्या किती पर्यटकांना हे ठाऊक असेल?

मीनलताईंनी विचारलेली बंदी १९५५ची. १५ ऑगस्ट १९५५ला ठिकठिकाणच्या सीमांवरून हजारो सत्याग्रही गोव्यात शिरले, पोर्तुगीजांनी निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारताने आर्थिक नाकेबंदी केली आणि रेल्वेचा दुवा तोडला. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ला. त्यानंतरच गाड्या पुन्हा घाट उतरू लागल्या.

मीनल_कोथरूड

काका, शिरोडकर, दोघांचेही खूप आभार. आईला वाचून दाखवलं, तिला तो बाई तपासनिसाचा भाग फार आवडला. एक शंका : त्या सहा वर्षांत कॅसल रॉकचं काय झालं? आणि तेव्हा ते कर्नाटकात होतं का? आईच्या म्हणण्यानुसार आजी त्याला "आपल्या मुंबई राज्याची हद्द" म्हणायची.

लोंढ्याचा_गार्ड

तुमच्या आजी बरोबर म्हणायच्या. कारवार जिल्हा १८६२ पासून मुंबई इलाख्यात होता आणि कॅसल रॉक त्यातल्या सुपे तालुक्यात. त्यामुळं १९५५ मध्ये गाड्या बंद झाल्या तेव्हा ती हद्द मुंबई राज्य आणि पोर्तुगीज गोवा यांच्यामधली होती. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यं नव्यानं आखली गेली आणि कॅसल रॉक म्हैसूर राज्यात गेलं. गाव जागेवरच, राज्य बदललं. पुढं काळी नदीवरच्या धरणात सुपे गावच पाण्याखाली गेलं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं.

त्या सहा वर्षांत स्टेशन म्हणजे लाईनचं शेवटचं टोक. पुढं रूळ आहेत पण गाडी नाही. आजोबांची बदली लोंढ्याला झाली आणि आम्ही कायमचे लोंढेकर झालो. ते म्हणायचे, रात्री बँकर इंजिनाची, म्हणजे घाटात गाडी मागून ढकलणाऱ्या इंजिनाची, शिट्टी ऐकू येत नाही म्हणून सुरुवातीला तिथल्या बायकापोरांना झोप यायची नाही.

तेव्हा आता उताराकडं येतो. यावर मी अख्खी रात्र बोलू शकतो.

आम्ही त्याला ब्रगांझा घाट म्हणतो. कॅसल रॉक ते कुळे साधारण २६ किलोमीटर, चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर गेलं की एक मीटर वर. रस्त्याला हे काहीच नाही, रेल्वेला फार. मधली स्टेशनं करंझोळ, दूधसागर, सोनालीम. वर येताना एकट्या इंजिनाला गाडी ओढवत नाही, मागून बँकर लावून ढकलावी लागते. पण खरी कसोटी उतरताना. ओढायला ताकद कमी पडली तर गाडी उभी राहील, इतकंच. ब्रेक कमी पडला तर गाडी कोणाची राहत नाही.

म्हणून खाली जाणारी प्रत्येक गाडी कॅसल रॉकला थांबते, प्रवासी असोत वा नसोत. टीएक्सआरचे, म्हणजे डबे तपासणारे, लोक डब्याडब्याखाली वाकून ब्रेक बघतात, चाकावर हातोडी मारून आवाज ऐकतात. व्हॅक्यूम ब्रेकच्या काळात मी ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डच्या डब्यात, ब्रेकचा दाब दाखवणाऱ्या गेजच्या काट्याकडं बघत बसायचो. ड्रायव्हरनं पुढं ब्रेक मारला की माझा काटा किती पडतो आणि किती वेळात परत चढतो, ते बघून मगच सही. मालगाडी असेल तर वाघिणींचे हँडब्रेकसुद्धा दाबून खिळी घालायची. घाटातल्या स्टेशनांवर कॅच साइडिंग असते. चढावर वळवलेला आंधळा रूळ. रुळांचे सांधे (पॉइंट) कायम त्याच बाजूला लावलेले. उतरणारी गाडी आधी पूर्ण उभी राहिली पाहिजे, तरच तिला मेन लाईनचा रस्ता मिळतो. सुटलेली गाडी आपोआप चढावर जाते आणि थांबते. रात्री, धो धो पावसात, समोर काही दिसत नसताना हा आंधळा रूळ आहे या भरवशावर आम्ही घाट उतरायचो.

मीनलताई, तुमची गाडी "बराच वेळ उभी" होती ती याचसाठी. यार्ड मोठं आहे तेही याचसाठी : बँकर ठेवायला जागा, गाड्या पासिंगला रूळ, वाफेच्या काळात पाणी-कोळसा. कस्टम गेलं, उतार राहिला. १९६१ नंतर ती निम्मी कामं संपली, बाकीची निम्मी अजून चालू आहेत.

थोडं पुढचंही सांगतो. १९०२ पासून गोव्यातली लाईनसुद्धा सदर्न मराठाच चालवायची, पोर्तुगीज कंपनी नावापुरती. मुक्तीनंतर सदर्न रेल्वे, १९६६ पासून साऊथ सेंट्रल, २००३ पासून हुबळीची साऊथ वेस्टर्न. मीटरगेजवर मिरज-वास्को गोमंतक आणि मांडवी धावायच्या. मुंबई-पुण्याची माणसं मिरजेला गाडी बदलून त्यात बसायची. १९९०च्या दशकात ब्रॉडगेज झालं, तेव्हा तीच वळणं, तोच चढ ठेवून बोगदे मोठे केले.

सह्यकडा

काका, थक्क झालो. आता दुहेरीकरणाने हा सगळा घाट बदलणार का?

लोंढ्याचा_गार्ड

कॅसल रॉक ते कुळे दुसरा रूळ टाकायचा प्रस्ताव आहे. तो मोले अभयारण्यातून जातो. गोव्यात लोकांनी मोठं आंदोलन केलं, आणि २०२२च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या तुकड्याला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. माझं मत विचाराल तर मी रेल्वेचा माणूस आहे, गाड्या वाढाव्यात असंच मला वाटतं. पण मी हा डोंगर पावसात सरकताना पाहिलाय. दरड कोसळून दिवसेंदिवस लाईन बंद राहिलेली पाहिलीय. त्या कड्यात आणखी कापणी करू नये.

आणि एक विनंती. रुळांवरून चालत दूधसागरला जाऊ नका, आणि आता कोणाला तसं सुचवूही नका. बोगद्यात बाजूला उभं राहायला जागा फार कमी असते आणि उतरणारी गाडी चटकन थांबत नाही. रेल्वेनं मनाई केलीय ती योग्य आहे. कुळेला उतरा, तिथून वनखात्याच्या परवानगीच्या जीपगाड्या जातात. पावसाळ्यात त्या बंद असतात, मग गाडीतूनच बघा. खाली जाताना डब्यातून उजवीकडची-डावीकडची जागा धरायला भांडू नका, वळणं इतकी आहेत की दोन्हीकडून दिसतो.

मीनल_कोथरूड

काका, दिवाळीत आईला घेऊन जायचं ठरवतेय. कॅसल रॉकला उतरून स्टेशन नीट बघता येईल का?

लोंढ्याचा_गार्ड

येईल, पण राहायची सोय धरू नका. सकाळी लोंढ्याहून या, स्टेशनमास्तरांना भेटून सांगा की आईला जुनं स्टेशन बघायचंय. यार्डात रूळ ओलांडू नका, फोटो फलाटावरूनच काढा. जेवण लोंढ्याहून बांधून आणा. लोंढ्यात उतरलात तर आमच्याकडंच या, ही जेवल्याशिवाय सोडणार नाही. आईंना आजींच्या आणखी काही गोष्टी आठवत असतील तर लिहून ठेवायला सांगा : कुळेला गाडी किती वेळ थांबायची, कागद कोणता दाखवावा लागायचा, पुण्यापर्यंत किती ठिकाणी गाडी बदलली. आमच्या आजोबांकडून मी हे विचारून घेतलं नाही, आणि आता सांगणारं घरात कोणी नाही.