वेदीच्या पायरीवर उमेदवार

गेल्या रविवारी रात्री आमच्या घरच्या ग्रुपवर हे बोलणं झालं. आम्ही वसईच्या पश्चिम पट्ट्यातले, वाडी करणारे कॅथलिक. सगळ्यांना विचारून इथे ठेवते आहे. नावं काढली आहेत, नाती तशीच ठेवली आहेत. धर्मग्राम (एका चर्चखालचा परिसर, पॅरिश) कुठलं, फादर कोण, उमेदवार कोण हे सांगणार नाही. एका माणसाला धरून झोडपायचं नाहीये.

मी: सकाळच्या साडेसातच्या मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) घरातलं कोण कोण होतं? नोटिसा वाचून झाल्यावर फादरांनी एका उमेदवाराला वेदीच्या पायरीवर बोलावलं. गळ्यात पक्षाचं उपरणं तसंच. त्याला फूल दिलं आणि म्हणाले, आपला माणूस आहे, मतदानाला विसरू नका. टाळ्या वाजल्या. शेवटच्या गीतासाठी मी पुस्तक उघडलं तर त्या पानावर त्याचंच पत्रक. शेजारणीच्या पुस्तकातही तेच. सकाळपासून माझं कशात लक्ष नाही.

आत्या: मी होते ना. माझ्या पुढच्या बाकावर आपला शेजारी होता, तो दुसऱ्या पक्षाचं काम करतो. अकरा वर्षं झाली, दानाची पिशवी तोच फिरवतो, मिस्सेनंतर पैसे मोजायलाही तोच बसतो. आज टाळ्या सुरू झाल्या तसा उठला, मुलीचा हात धरला, सॅक्रिस्टीत (वेदीमागच्या तयारीच्या खोलीत) जाऊन कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि मागच्या दाराने निघून गेला. कुणाला एक शब्द बोलला नाही.

दादा: त्याचं वाईट वाटलं हे खरं. पण जरा दुसरी बाजूही बघा. निवडणूक आली की प्रत्येक समाजाचे मेळावे होतात, उमेदवार मठात जातात, महाराज आशीर्वाद देतात, फोटो छापून येतात. आपणच तोंड मिटून बसायचं का? सिमितरीत (दफनभूमीत) जागा उरलेली नाही. गेल्या वर्षी पुरायला किती ओढाताण झाली ते तुम्ही पाहिलंय. या माणसाने जागेचा शब्द दिलाय. आपण मूठभर. मतं एकगठ्ठा पडली तरच उद्या कुणी आपला फोन उचलेल.

वहिनी: मला तर बरं वाटलं होतं खरं सांगते. कुणीतरी आपल्या बाजूने उभं आहे असं वाटलं. देशात काय काय चाललंय, प्रार्थनासभेत माणसं घुसतात, त्या बातम्या वाचून झोप लागत नाही.

मी: वहिनी, ती भीती मलाही आहे. म्हणूनच तर विचारतेय.

मोठे काका (काकांना टाइप करायला जमत नाही, त्यांनी बोलून पाठवलं, ते लिहून काढलं): बाळांनो, चर्चने राजकारणात पडूच नये असं मी कधी म्हणणार नाही. मी स्वतः पडलोय. १९८८-८९ चा काळ आठवा. हिरवा पट्टा बिल्डरांना मोकळा व्हायला लागला. तिकडे इमारती उठल्या आणि त्यांना पाणी पुरवायला टँकर आपल्याकडे वळले. आपल्या बांधाला लागून जी विहीर आहे तिच्यावर दिवसरात्र पंप चालायचा. दोन उन्हाळ्यांत आपल्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. केळीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. तुमची आजी सकाळी रहाटापाशी ओंजळभर पाणी तोंडात घ्यायची, थुंकायची आणि काही न बोलता घरात जायची. ते मी रोज बघत होतो.

तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, त्यात ते पुढे होते. हे राजकारण नाही तर काय? पाणी कुणाचं, जमीन कुणाची, याच्याहून मोठं राजकारण मला तरी माहीत नाही. त्यांना धमक्या आल्या, पोलीस संरक्षण घ्यावं लागलं. पण मोर्चात माझ्या एका बाजूला काँग्रेसचा माणूस चालत होता, दुसऱ्या बाजूला जनता दलाचा, मागे आपल्या आळीतले हिंदू शेतकरी. तुझं मत कुणाला, असं कुठल्या फादरांनी मला विचारलं नाही. त्यामुळे सरकार कुणाचंही येवो, त्याला जाब विचारायला तोंड शाबूत होतं. आजच्या फादरांनी ते तोंड एका फुलावर देऊन टाकलं. उद्या हाच निवडून आला आणि यानेच बावखल (गावचं जुनं तळं) बुजवायला परवानगी दिली, तर त्याच वेदीवरून काय बोलणार?

दादा: पण काका, पुढे २००९ ला महापालिका झाली, तिच्यातून गावं वगळायचं आंदोलन पेटलं, तेव्हा चळवळीतले लोक निवडणुकीत उतरलेच ना? मग तेव्हा चाललं आणि आता का नाही?

मोठे काका: उतरले. चळवळीतले विवेक पंडित आमदारही झाले. त्यावर तेव्हा घराघरांत वाद झाले, आपल्याही ओट्यावर झाले, तुझे वडील आणि मी आठ दिवस बोलत नव्हतो. पण उतरले ते प्रापंचिक लोक. त्यांनी उतरावंच. तू उतर, मी तुझा बूथ सांभाळीन, उन्हात बसेन. वेदीवर उभं राहून फादरांनी तुझं नाव मात्र घ्यायचं नाही. मी तुझा काका असलो तरी हेच सांगेन.

वकील भाऊजी: कायद्याचं सांगतो, कारण यात उमेदवाराचंही नुकसान आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(३): धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट मार्ग. उमेदवाराने स्वतः मागितलं पाहिजे असंही नाही, त्याच्या संमतीने दुसऱ्या कुणी मागितलं तरी लागू. महापालिकेचा कायदा वेगळा, पण तत्त्व तेच. यातला सगळ्यात मोठा निकाल आपल्या मुंबईतलाच आहे. १९९० ची विधानसभा, सांताक्रूझ मतदारसंघ, भाजपचे अभिराम सिंह निवडून आले, उच्च न्यायालयाने निवड रद्द केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षं चाललं. २ जानेवारी २०१७ ला सात न्यायाधीशांनी ४ विरुद्ध ३ असा निकाल दिला: उमेदवाराचाच नाही, मतदाराचा धर्म काढून मत मागणंही चालणार नाही. शिवाय १९८८ चा वेगळा कायदा आहे, धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणारा. देवळाची, मशिदीची, चर्चची जागा पक्षाच्या प्रचाराला वापरायची नाही. आचारसंहितेतही तेच लिहिलंय.

दादा: सगळीकडे होतंय भाऊजी. सगळ्यांवर केस कुठे होते?

वकील भाऊजी: होत नाही, मान्य. पण दुसऱ्याच्या देवळातल्या प्रचारावर आपण बोट ठेवतो. ते बोट कुठल्या तोंडाने ठेवायचं, एवढंच विचार.

छोटा (सेमिनरी, पुणे): सगळ्यांना जय ख्रिस्त. आत्ता फोन हातात आला. चर्चचा स्वतःचा नियम त्याहून कडक आहे. कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा कायदा, त्याच्या कलम २८५ प्रमाणे धर्मगुरूने सत्तेचं पद घ्यायचं नाही, २८७ प्रमाणे पक्षात सक्रिय भाग घ्यायचा नाही. त्यातही वरिष्ठांनी चर्चच्या हक्कांसाठी किंवा लोकहितासाठी गरज मानली तर अपवाद आहे, म्हणजे दार अगदी बंद नाही. पण पत्रकं वाटायला तो अपवाद नाही.

आम्हाला वर्गात दोन माणसं शेजारी शेजारी ठेवून शिकवली, ती डोक्यातून जात नाहीत. एक मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो. रविवारच्या प्रवचनात ते त्या आठवड्यात मारल्या गेलेल्यांची, गायब केलेल्यांची माहिती द्यायचे, लोक रेडिओवर ऐकायचे. २३ मार्च १९८० ला त्यांनी सैनिकांना सांगितलं, निरपराधांना मारायचा हुकूम पाळू नका. दुसऱ्या दिवशी मिस्सा अर्पण करताना त्यांना गोळी घातली. त्यांनी सरकारला सुनावलं आणि डाव्या गटांच्या हिंसेलाही सुनावलं.

दुसरे शेजारच्याच निकाराग्वाचे फादर एर्नेस्तो कार्देनाल, कवी. हुकूमशहाविरुद्ध लढणाऱ्या सँडिनिस्ट पक्षाबरोबर गेले, १९७९ ला सरकार आलं, ते मंत्री झाले. हेतू गरिबांचाच होता. १९८३ ला पोप जॉन पॉल दुसरे राजधानी मनाग्वाच्या विमानतळावर उतरले तेव्हा हे गुडघे टेकून बसले होते आणि पोप बोट दाखवून त्यांना समज देत होते, तो फोटो जगभर गेला. पुढे त्यांचे धर्मगुरूपदाचे अधिकार काढले, २०१९ ला पोप फ्रान्सिस यांनी परत दिले. पण पुढचं ऐका. तोच पक्ष, तोच नेता ओर्तेगा. कार्देनाल स्वतः नंतर त्याच्या विरोधात गेले. आणि त्याच ओर्तेगाच्या राज्यात २०२३ मध्ये बिशप रोलांदो आल्वारेझ यांना २६ वर्षांची शिक्षा सुनावली, २०२४ ला सोडून थेट रोमला पाठवून दिलं. ज्या पक्षात एके काळी धर्मगुरू मंत्री होते त्याच पक्षाने बिशपला तुरुंगात टाकलं.

आत्या: देवा. हे मला माहीतच नव्हतं.

वहिनी: म्हणजे फादरांनी गरिबांसाठी बोलायचं, पण कुणाच्या गळ्यात हात टाकायचा नाही. बरोबर ना छोट्या?

छोटा: हो वहिनी. आणि बोलायचं म्हणजे नक्की बोलायचं. दुसऱ्या टोकाची चूकही होते. पक्षाचं नाव नको म्हणून बावखलाचंही नाव घ्यायचं नाही, आदिवासी पाड्यावरच्या पाण्याचंही नाही. गुळमुळीत प्रवचन करून घरी जायचं. मला उद्या फादर व्हायचंय, मला त्याची जास्त भीती वाटते.

ताई (मस्कत): ड्युटीवरून आत्ता आले, सगळं वाचलं. माझी रूममेट केरळची, अंगमालीजवळची. तिला विचारलं तर ती तासभर बोलली. १९५७ ला तिकडे नंबुद्रिपादांचं कम्युनिस्ट सरकार आलं. त्यांनी शिक्षणाचं विधेयक आणलं. खासगी शाळांपैकी खूपशा चर्चच्या आणि नायर समाजाच्या संस्थांच्या, म्हणून चर्च, नायर संघटना आणि विरोधी पक्ष एकत्र येऊन सरकार पाडायलाच निघाले. १३ जून १९५९ ला अंगमालीत पोलिसांचा गोळीबार झाला, सात माणसं गेली. ३१ जुलैला दिल्लीने सरकार बरखास्त केलं. म्हणजे जिंकले. पण तिच्या घरचं काय झालं ते सांगते. तिचे आजोबा चर्चच्या मोर्चात आणि आजोबांचा सख्खा भाऊ कम्युनिस्ट पक्षात. भावाच्या मुलीचं लग्न झालं त्याला आजोबा गेले नाहीत. दोन घरांमध्ये एकच विहीर होती, मधोमध भिंत घातली. ती भिंत अजून आहे म्हणे, दोन्हीकडून दोर सोडतात. दादा, आपल्या आळीत तशी भिंत आलेली मला नको.

दादा: ताई, मी भिंत कशाला घालीन. मला फक्त सिमितरीची जागा पाहिजे. पप्पांच्या वेळेला काय झालं ते तू इथे नव्हतीस म्हणून तुला माहीत नाही.

ताई (मस्कत): माहीत आहे रे. व्हिडिओ कॉलवर बघत होते मी. रडू आवरत नव्हतं.

(यानंतर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही.)

मी: दादा, सिमितरीच्या जागेसाठी भांडायलाच हवं, आणि चर्चनेच पुढे होऊन भांडायला हवं. पण एकाने शब्द दिला, तो कुणी लिहून घेतलाय? हरला तर जागा गेली. जिंकला आणि विसरला तर त्याला विचारणार कोण, आपणच त्याला फूल दिलंय. मला असं वाटतं, पॅरिश कौन्सिलने सगळ्या उमेदवारांना शाळेच्या हॉलमध्ये बोलवावं. चर्चमध्ये नाही, हॉलमध्ये. उपरणं बाहेर काढून ठेवायचं. सगळ्यांना तेच चार प्रश्न: सिमितरीची जागा, बावखलं बुजवणं, टँकर, गावांचा प्रश्न. उत्तरं कागदावर, खाली सही. आळीतल्या सगळ्यांना यायला मोकळीक, हिंदू असोत, मुसलमान असोत, विहीर सगळ्यांची आहे.

दादा: म्हणजे आपला माणूस बाकीच्यांच्या रांगेत बसणार.

मी: हो. रांगेतच.

मोठे काका (बोलून): एक सांगतो. पोर्तुगीजांच्या काळात किल्ल्यात सत्ता आणि चर्च एकाच भिंतीत राहायची. १७३९ ला चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. किल्ल्यातल्या चर्चेसचे आज पडके सांगाडे आहेत, चारी बाजूंनी झाडं उगवलीत. गावातली श्रद्धा मात्र टिकली, कारण ती वाडीत कुदळ मारणाऱ्या माणसांकडे होती. मी किल्ल्यात गेलो की तेच बघत बसतो. असो. पोरी, तू पत्र लिही. फादरांना उद्देशून, नरम शब्दांत, पण सगळं लिही. मी आधी स्वतः त्यांना भेटून येईन. तरुण आहेत, कुणीतरी भरीला घातलं असेल. पेपरात वगैरे काही द्यायचं नाही, आधी घरात बोलायचं.

वकील भाऊजी: मजकूर मला दाखव. कायद्याचा एकच परिच्छेद घालू, धमकीसारखा वाटायला नको.

आत्या: मी संध्याकाळी शेजाऱ्याकडे जाऊन आले. केळी घेऊन गेले होते. तो बोलला नीट. फादरांबद्दल एक वाईट शब्द काढला नाही त्याने. पण पोरीचं मे महिन्यात पहिलं कम्युनियन (पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याचा विधी) आहे, ती मला विचारते, आत्याबाई, आम्ही आता दुसऱ्या चर्चला जायचं का? मला काय बोलावं कळेना. तिला म्हटलं, झगा शिवायला टाकलाय ना, मग इथेच. किल्ली अजून सॅक्रिस्टीच्या टेबलावरच आहे, मी बघून आले.

मी: पत्र उद्यापर्यंत लिहिते. बुधवारी साडेसहाच्या मिस्सेनंतर आपल्या ओट्यावर सह्या. कोण कोण येतंय?

मोठे काका: पहिली माझी.

वहिनी: मी येते.

छोटा: माझी सही चालणार नाही बहुतेक, विचारून सांगतो. प्रार्थना आहेच.

दादा: पुढच्या रविवारी पहाटे मी जाऊन पुस्तकांतली पत्रकं काढतो, उरली असतील ती. हॉलच्या सभेला खुर्च्या लावायलाही मी आहे. सहीचं बुधवारी सांगतो.