मदत हवी आहे: गच्चीवरचा टॉवर आणि आईची झोप

नमस्कार मंडळी,

मुलुंडची जुनी सात मजली सोसायटी, आमचं घर सातव्यावर. गच्चीवर मोबाइलचा टॉवर आहे आणि करार वाढवायचा की नाही, यावर रविवारी विशेष सभा. भाड्यातून लिफ्ट बदलली, हे खालच्या मजल्यांचं पालुपद. (त्यातले निम्मे लिफ्ट वापरतच नाहीत.)

आईची खोली नेमकी टॉवरच्या यंत्रांच्या केबिनखाली. सहा महिने तिला झोप नाही. डॉक्टरांनी गोळी बदलली, दुपारचा चहा बंद केला. मग शेजारच्या काकूंनी रेडिएशनचा व्हिडिओ पाठवला आणि आता आमचं वायफायही रात्री दहाला बंद! माझं काम रात्रीचं. जिन्यात बसून, मांडीवर लॅपटॉप, खिशात फोनचा हॉटस्पॉट, असं चाललंय.

मी वाचलं ते असं. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मोबाइलच्या रेडिओ लहरी '२ब', म्हणजे 'कर्करोगकारक असू शकतील' अशा गटात टाकल्या. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. आईच्या खिडकीत कोरफडीची कुंडी आहे, तिला हे सांगून पाहिलं, ती माझ्यावरच चिडली. दुसरीकडे, आयआयटी मुंबईचे प्रा. गिरीश कुमार टॉवरच्या धोक्याबद्दल २०१० पासून सांगत आले, तेही उडवून लावता येत नाही. आणि १ सप्टेंबर २०१२ ला आपल्याकडची टॉवरच्या रेडिएशनची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेचा दहावा हिस्सा केली गेली: ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींना चौरस मीटरमागे ०.४५ वॅट.

सरकारच्या 'तरंग संचार' पोर्टलवरून पैसे भरून मोजणी करून घेता येते म्हणे. कोणी करून घेतली आहे का? मीटर घरात कुठे धरायला सांगायचा? आकडा हातात नसताना मत द्यायची माझी तयारी नाही.

— सातवामजला

प्रतिसाद, जुनाखेळाडू:
आमच्याकडे झाली होती. अँटेनाचा झोत समोर जातो, थोडा खाली झुकलेला. थेट खाली त्यामानाने कमीच येतं, शिवाय मधे स्लॅब. समोरच्या इमारतीत, तुमच्याच उंचीवरच्या खिडकीत मोजायला सांगा, तिथले लोक सभेत नसतात हीच तर गोम आहे. आणि जिन्यात रेंज कमी असेल तर फोन जास्त जोर लावतो. तो खिशातून काढून कठड्यावर ठेवा. एक विचारू? केबिनमधला एसी रात्रभर चालतो का?

सातवामजला:
आत्ता आईच्या खोलीत पंखा बंद करून उभा राहिलो. घरघर येतेय, कपाटाची काच बारीक थरथरतेय. आई म्हणाली, "मी कधीची सांगतेय, वरून काहीतरी येतं." मोजणीचा अर्ज करतोच. पण एसीखाली रबर बसवून घ्यायला कोणाला सांगायचं, सेक्रेटरीला की टॉवरवाल्यांना?